शाळेतला पोषण आहार: समितीवर नव्याने आलेल्या पालकांसाठी

पालकसभेत कुणीतरी तुमचं नाव सुचवलं, चार हात वर झाले आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आलात. पहिल्या बैठकीत चहा झाला, इतिवृत्तावर सही झाली. घरी जाताना प्रश्न पडला असेल की आता आपण नेमकं करायचं काय? माझं ऐकाल तर सुरुवात खिचडीपासून करा. वर्गात गणित कसं शिकवतात यावर बोलायला आपण कचरतो, पण भात कच्चा राहिलाय का आणि वरणात डाळ दिसते का, हे कळायला कुठलीच पदवी लागत नाही. शिवाय ही गोष्ट शाळेत रोज घडते आणि प्रत्येक मुलाच्या पोटात जाते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीवर चार वर्षं होते. पहिलं वर्षभर फक्त कागद तपासले. रजिस्टरं चोख होती, म्हणून सगळं ठीक चाललंय असं मी धरून चालले. दुसऱ्या वर्षी पंगतीत बसायला लागले तेव्हा खरं काम सुरू झालं. तुमचं ते एक वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी हक्क समजून घ्या

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची ही योजना सुरू झाली. तेव्हा शाळेत अन्न शिजत नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तुमच्यातले काही जण त्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहिले असतील. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोरडं धान्य नको, मुलांना शिजवलेलं गरम जेवण द्या. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं. २०२१ पासून योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असं आहे. कागदावर 'पीएम पोषण' लिहितात, पण गावात आजही सगळे 'खिचडी'च म्हणतात.

सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या प्रत्येक दिवशी हे जेवण मोफत मिळायला हवं. पहिलीच्या आधीचे बालवाटिकेचे वर्गही आता योजनेत आहेत. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्डाचा रंग नाही. सरपंचाची मुलगी आणि ऊसतोड मजुराची मुलगी एकाच पंगतीत बसते. गरिबांची योजना म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

२०१५ च्या नियमांतल्या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एखाद्या दिवशी धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण झालं नाही, तर त्या मुलांना अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग ३ दिवस किंवा महिन्यात ५ दिवस जेवण मिळालं नाही, तर राज्य सरकारला जबाबदारी निश्चित करावी लागते. योजनेवर देखरेख ठेवण्याचं काम याच नियमांनी तुमच्या समितीकडे दिलंय. त्यामुळे स्वयंपाकघरात डोकावायला तुम्हाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. तरीही विचारून जावं, हे माझं मत. कुणाच्याही स्वयंपाकघरात आपण विचारूनच जातो.

प्रमाण पाठ करा

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ही वजनं कच्च्या मालाची आहेत. यातून लहान मुलांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे.

आता हे तुमच्या शाळेवर बसवून बघा. समजा आज प्राथमिकची ६४ मुलं हजर आहेत. म्हणजे तांदूळ ६ किलो ४०० ग्रॅम, डाळ १ किलो २८० ग्रॅम, भाजी ३ किलो २०० ग्रॅम आणि तेल ३२० ग्रॅम. पातेल्याशेजारी उभं राहून एकदा तरी हे वजन करून घ्या.

आमच्याकडे तांदूळ मोजायला ॲल्युमिनियमचा एक जुना डबा होता. 'किलोचा डबा' असं सगळे म्हणायचे. मी घरून काटा नेला आणि भरून वजन केलं, तर ८५० ग्रॅम भरला. वर्षानुवर्षं आपटून त्याला पोचे पडले होते, तळ आत गेला होता. कुणी चोरी करत नव्हतं. मावशी मनापासून मोजून टाकायच्या आणि तरी ६४ मुलांमागे जवळजवळ किलोभर तांदूळ कमी शिजायचा, म्हणजे नऊ-दहा मुलांचा वाटा. रजिस्टरवर मात्र पूर्ण ६ किलो ४०० लागायचा, म्हणून पोत्यात तांदूळ उरायचा आणि शिल्लक का जुळत नाही याचा कुणालाच उलगडा होत नव्हता. नवा काटा आणला आणि दोन्ही प्रश्न एकदम सुटले.

डाळीकडे जास्त लक्ष द्या. भात कमी पडला तर मुलं मागतात, लगेच कळतं. डाळ कमी पडली तर कुणी मागत नाही, वरण नुसतं पातळ होतं. पण प्रथिनांचा हिशेब मांडलात तर १०० ग्रॅम तांदळातून सात-आठ ग्रॅम येतात आणि उरलेली चार-पाच त्या २० ग्रॅम डाळीतून. वरण पाणीदार झालं की मुलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. माझी साधी परीक्षा आहे: पळी तळापासून ढवळून उचला आणि ताटात ओता. पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे पळत असेल तर विचारा.

पंगतीत बसा

महिन्यातून दोनदा, वार न ठरवता, जेवणाच्या सुट्टीच्या तासभर आधी शाळेत जा. सोबत आणखी एक पालक घ्या, शक्यतो आई. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांना बैठकीत गप्प बसवून ठेवण्यापेक्षा इथे त्यांचं मत घ्या. स्वयंपाकातलं त्यांना जास्त कळतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आधी चव. मुलांना वाढण्याच्या साधारण अर्धा तास आधी शिक्षक, स्वयंपाकी आणि एखाद्या पालकाने अन्न खाऊन बघायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं, अशी पद्धत आहे. तुमच्या शाळेतली वही उघडा. प्रत्येक पानावर 'चव चांगली', 'चव चांगली', खाली एकाच पेनाने महिन्याभराच्या सह्या दिसल्या तर समजा की कुणी चाखत नाही. त्यावरून भांडू नका. त्या दिवशी स्वतः वाटीभर खा आणि खरं लिहा: 'मीठ जास्त, वाटाणा नीट शिजला नाही, फोडणी उत्तम.' खरी नोंद एकदा पडली की पुढच्या नोंदीही खऱ्या व्हायला लागतात.

चव बघणं हा उपचार समजू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन गावच्या शाळेत २३ मुलं जेवणातून विषबाधा होऊन गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. आपल्याकडेही शेतकऱ्यांच्या घरात औषधाचे रिकामे कॅन धुऊन वापरायची सवय आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात असा एकही कॅन, पाण्यासाठीसुद्धा, ठेवू देऊ नका. तेलाला वेगळाच वास आला, फेस धरला, रंग बदलला, तर त्या दिवशी जेवण थांबवा. मुलं एक दिवस बिस्किटावर राहतील. या बाबतीत कुणाचीही भीड धरू नका.

मग मुलांबरोबर खाली बसून जेवा. तिथून जे दिसतं ते उभं राहून दिसत नाही. हात धुवायला साबण होता का, की नुसतं पाणी? नळ किती आणि रांग किती? शेवटी बसलेल्या पहिलीच्या मुलाला भाजी पोचली का, की तळातलं पाणी? कोण भातातला शेवगा काढून बाजूला ठेवतंय? कुणाला वेगळं बसवलंय का? हा शेवटचा प्रश्न जड आहे, पण बघाच. कुठल्या मुलाला जातीवरून पंगतीच्या टोकाला बसवलं जात असेल, किंवा अमुक बाई शिजवतात म्हणून कुणी आपल्या पोरांना जेवू नका सांगत असेल, तर तुम्ही त्याच पंगतीत, त्याच ताईंच्या हातचं, सगळ्यांसमोर जेवायचं. एका बैठकीतल्या ठरावापेक्षा याचा परिणाम जास्त होतो, हे मी पाहिलंय.

निघण्याआधी ताटं मोजा. वर्गाची हजेरी, रजिस्टरवरचे लाभार्थी आणि प्रत्यक्षातली ताटं, हे तीन आकडे जवळपास जुळायला हवेत. फरक दिसला तर आधी कारण विचारा. काही मुलं घरी जेवायला जातात, काहींचा उपास असतो. फरक रोजचाच असेल तर तो विषय बैठकीत घ्या.

तांदळातले ते वेगळे दाणे

हा प्रश्न तुमच्याकडे नक्की येणार. एखादी आई ओंजळीत तांदूळ घेऊन येईल आणि म्हणेल, 'यात प्लॅस्टिक आहे.' तांदळात थोडे दाणे जरा पिवळसर, सगळे एका मापाचे आणि पाण्यात टाकल्यावर वर तरंगणारे दिसतात. ते पोषणमूल्य वाढवलेले दाणे आहेत. तांदळाचं पीठ करून त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि साध्या १०० दाण्यांत असा साधारण १ दाणा मिसळतात. रक्त कमी असलेल्या मुलांसाठी हे केलेलं आहे.

पण आपल्या बायका तांदूळ निवडताना वेगळा दाणा दिसला की फेकतात, ही हाताची सवय आहे. स्वयंपाकी ताईंनाही कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे सुपात निवडून काढलेले हे दाणे कोंबड्यांना जात होते. तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवायचा, तरंगणारे दाणे ओतून द्यायचे नाहीत, एवढंच सांगा. पालकसभेत ताटलीत तो तांदूळ ठेवून सगळ्यांना दाखवा, शिजवून खायला द्या. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ त्याने बरेच थंडावतात.

साठा आणि काटा

तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. ग्रामीण भागात डाळ, तेल, मसाला हा धान्यादी माल ठेकेदार पोचवतो. भाजी आणि इंधनाचे पैसे शाळेला मिळतात. शहरात बऱ्याच ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येतात. तिथे डबा किती वाजता निघाला आणि वाढला किती वाजता, हे बघा. दुपारी तो कोमट झालेला असेल तर मार्ग आणि वेळ बदलायला सांगा.

गाडी आली की पोतं काट्यावर ठेवल्याशिवाय पावतीवर सही होऊ देऊ नका. डाळीच्या पाकिटावरची तारीख वाचा. पोती भिंतीपासून लांब, फळीवर ठेवायची आणि आधी आलेलं आधी वापरायचं. सोंडे झाले तर तांदूळ चाळून उन्हात घाला, पण पावडर किंवा गोळ्या टाकू नका. घुशी-उंदरांचं औषध त्या खोलीतच काय, शेजारच्या खोलीतही नको.

आणखी एक, जे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. भाजी-इंधनाचं अनुदान अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा येतं. तोवर मुख्याध्यापक खिशातून भागवतात किंवा दुकानात उधारी चालते. भाजी कमी दिसली की थेट आरोप करण्याआधी 'सर, किती महिन्यांचं अडकलंय?' एवढं विचारा. उत्तर ऐकून तुम्ही त्यांच्या बाजूने पंचायत समितीला पत्र लिहाल. मी लिहिलं होतं.

भाजी पोटात कशी जाईल

ठरवून दिलेल्या पाककृतींत मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात, नाचणीसत्व असे बरेच प्रकार आले आहेत. तुमच्या शाळेच्या भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावलेला असायला हवा. तो शोधा आणि त्या दिवशीच्या ताटाशी ताडून बघा. अंड्याचं मात्र सारखं बदलत आलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा जादा निधी बंद केला. मला याचं मनापासून वाईट वाटलं. एका अंड्यात ६ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिनं असतात, ते पातळ करता येत नाही आणि त्यात भेसळही होत नाही. गावातून कुणी वाढदिवसाला, बारशाला काही द्यायला तयार असेल तर जिलेबीऐवजी अंडी किंवा फळं सुचवा. सणावारी गावाने शाळेत स्नेहभोजन देण्याची सोय योजनेतच आहे.

मुलं पालेभाजी बाजूला काढतात ही रड सगळीकडची. आमच्या मावशींनी तीन गोष्टी केल्या. मेथी, शेवग्याचा पाला बारीक चिरून फोडणीतच परतायचा, वरून घालायचा नाही. दुधी आणि लाल भोपळा किसून वरणात शिजवायचा. आणि वाढताना लिंबाची फोड पिळायची. लिंबाला आणखी एक अर्थ आहे: डाळ-पाल्यातलं लोह 'क' जीवनसत्त्वाबरोबर अंगी जास्त लागतं. कडधान्याला मोड आणल्यानेही लोह सुटं होतं आणि पचायला हलकं जातं. उसळीचा दिवस असेल तर आदल्या सकाळीच मटकी भिजायला हवी. बहुतेक वेळा उसळ बिघडते ती इथेच, शिजवताना नाही.

परसबाग करा, जागा कितीही असो. हात धुण्याच्या पाण्याची चारी काढून कडेला शेवग्याची दोन झाडं, कढीपत्ता, एक भोपळ्याचा वेल, एवढ्यावरही वर्ष निघतं. पाचवीच्या मुलांनी स्वतः लावलेला पालक त्यांनी ताटात सोडला नाही.

घरून काय लागतं

शाळेतलं जेवण दिवसाच्या भुकेचा एक भागच भागवतं. शेतावर जायच्या घाईत अनेक मुलं नुसत्या चहावर शाळेत येतात आणि अकरा वाजता फळ्याकडे बघत जांभया देतात. पालकसभेत सांगा: शिळी भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-फुटाणे, काहीही चालेल, पण पोरगं रिकाम्या पोटी येऊ नये. खाऊचे पाच रुपये देणं बंद करा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे. टपरीवाला गावातलाच असतो, त्याच्याशी गोडीने बोलून शेंगदाणे, चिकू, पेरू ठेवायला लावता येतं. आमच्याकडे जमलं.

आठवड्याची लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि सहावीपासून पुढे निळी, जेवणानंतरच द्यायची. उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग गावभर बोभाटा होतो. शी काळी होते, त्याला घाबरू नका. गोळीनंतर तासभर चहा नको.

शिजवणाऱ्या ताई

२५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी तथा मदतनीस, असा निकष आहे. मानधन तुटपुंजं आहे आणि तेही वेळेवर येत नाही. दीडशे मुलांचं पातेलं उतरवताना दोघींची कंबर जाते. त्यांची आरोग्य तपासणी, ॲप्रन, डोक्याला कापड हे बघाच, पण त्याआधी त्यांचं मानधन कधीचं थकलंय ते विचारा आणि ते बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या. सुरीला धार आहे का? कुकरची रिंग बदलायला झालीय का? धूर जायला खिडकी आहे का? या तीन गोष्टी हजार-दोन हजारात होतात आणि त्याने जेवणाला फरक पडतो.

गाडं अडलं तर

आधी मुख्याध्यापकांशी बोला, तोंडी. मग समितीच्या बैठकीत ठराव, तारीख आणि आकड्यांसह: 'वरण पातळ असतं' असं नको, 'अमुक तारखेला ६४ मुलांना ७०० ग्रॅम डाळ शिजवली' असं हवं. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि पोषण आहार अधीक्षकांना, मग जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्यावर राज्य अन्न आयोग. तिथपर्यंत जायची पाळी माझ्यावर आली नाही. आकडे असलेलं पत्र पाहिलं की बरीच कामं तालुक्यालाच मार्गी लागतात.

मुलांना उलट्या झाल्या तर मात्र हा क्रम विसरा. जेवण थांबवा, सगळ्या मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, उरलेलं अन्न फेकून न देता झाकून ठेवा. तपासणीला तेच लागतं.

पहिल्या वर्षात एक दिवस विसरू नका: उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शनिवार. त्या दिवशी उरलेला तांदूळ, डाळ, तेल मोजून दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहून ठेवा आणि खोलीला कुलूप लावून घ्या. तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर सुट्टीतही जेवण द्यायचं असतं, तेव्हा चौकशी करूनच कुलूप लावा. जूनमध्ये शाळा भरायच्या दोन दिवस आधी ती खोली उघडा, सोबत चाळण आणि दोन-तीन आया घेऊन जा. पहिल्या दिवशी पहिलीची नवी पोरं येतात, त्यांच्या पहिल्या घासात सोंडा सापडायला नको.